सातव्या लेव्हलची चौथी दांडी

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी पावणेपाच वाजता, महाप्यातल्या एका कार्यालयात बसून मी एका मोबाइल गेममधली एक दांडी न तपासता ती तपासल्याची नोंद केली. दांडी सातव्या लेव्हलवर होती, डावीकडून चौथी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नोंद खोटी आहे हे माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हते, आणि पुढचे बारा दिवस ते तसेच राहिले.

आमचे घर सारसोळे गावात होते. चहूबाजूंनी नेरुळच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी गावाच्या आत दोन घरांमधली वाट एवढीच होती की समोरून पाटी घेऊन बाई आली तर आपण भिंतीला लागून उभे राहायचे. बाबा खाडीत जायचे. आई मासळी घेऊन सेक्टरातल्या बाजारात बसायची. घरातले घड्याळ भिंतीवर होते, पण जेवणाची वेळ ठरायची ती ओहोटीवर. बाबा कधी सकाळी दहाला जेवत, कधी दुपारी चारला, आणि त्यांच्यासोबत घरही जेवायचे. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांचे, कालवण हे आमचे रोजचे जेवण. निवट्या चिखलातून काढाव्या लागतात, धुवायला तासभर लागतो, आणि टोपात टाकेपर्यंत त्या उड्या मारत असतात. त्यांच्या उड्यांचा परातीवर होणारा आवाज, विळीवर खवले खरवडल्याचा आवाज आणि शेजारच्या घरातला टीव्ही, या तिन्हींत मी बारावीपर्यंतचा अभ्यास केला. अंगणात सुकट वाळवायची वलांडी होती. दोन बाजूंना तीन-तीन बांबूंचे तिवे, त्यांवर आडवा बांबू, आणि त्याच्या खाली ताणलेल्या दोऱ्या. लहानपणी आम्ही मुले त्या आडव्या बांबूला लोंबकळायचो. आई खालून पायांवर फटका द्यायची. मासळीला तुमच्या पायांची माती लागते, असे तिचे म्हणणे होते.

कॉलेज मी बाहेरून करत होते आणि काम शोधत होते. मैत्रिणीच्या भावाने महाप्याच्या कंपनीचे सांगितले. कंपनी साध्या बटणांच्या फोनसाठी गेम बनवायची. काम काय, असे मी विचारले तेव्हा खेळायचे, एवढेच उत्तर मिळाले. बाजारात आईला कोणी विचारले, पोरगी काय करते, तर ती म्हणायची, "खेलते. त्याचा पगार देतान." बायका हसायच्या. आईही हसायची, मग घरी येऊन मला बाजूला घेऊन विचारायची की हे खरोखरचे काम आहे ना.

ते खरोखरचे काम होते. गेममध्ये टोपी घातलेला एक मुलगा एका बंद कारखान्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करतो. जमिनीला जागोजागी खड्डे. खड्ड्यांवर छतातून टांगलेल्या दांड्या आणि तारा. काही दांड्या स्थिर, काही झुलत्या. काही तारा धरल्या की खाली लवतात, काहींतून ठिणग्या उडतात आणि त्या धरल्या की मुलगा मरतो. पाच नंबरचे बटण दाबले की तो दांडी पकडतो, पुन्हा दाबले की सोडतो. झुलत्या दांडीवर सोडायची वेळ चुकली तर खड्ड्यात. खेळणाऱ्याला यात मजा वाटत असे. आमच्याकडे त्याची यादी होती. प्रत्येक दांडीला कागदावर एक ओळ. ओळीत दोन रकाने, डावीकडून आणि उजवीकडून. ट्रेमध्ये अकरा वेगवेगळे फोन, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. म्हणून प्रत्येक रकान्यात अकरा चौकोन. एका दांडीवर जायचे, पकडायचे, झुलायचे, सोडायचे, चौकोनात खूण करायची, फोन खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. सातही लेव्हल मिळून दांड्या आणि तारा शंभराच्या वर होत्या. गेममध्ये काही बदलले की यादी पहिल्यापासून.

दुसऱ्या महिन्यात माझ्या उजव्या अंगठ्याची कातडी जाड झाली आणि सांधा दुखू लागला. आईने तो हातात घेऊन पाहिला. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर विळीच्या किती खुणा होत्या ते मोजता आले नसते. "कापलेलं नाय, भाजलेलं नाय," ती म्हणाली, "नि दुखतंय कसं?" तिने खोबरेल गरम करून लावले. तो सांधा आजही दुखतो. नंतरच्या नोकरीत मी पंधरा वर्षे टाइप केले, त्यामुळे दोष नक्की कशाचा हे डॉक्टरांना सांगता आले नाही.

लेव्हल आखायचे काम अवधूतकडे होते. तो सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. कोपरखैरण्यात चौघांत मिळून एका खोलीत राहायचा. त्याला कामाला लागून साडेपाच महिने झाले होते. सहा पूर्ण झाले आणि हा गेम क्लायंटने घेतला, की त्याला कायम करणार होते. कायम झाल्याचे पत्र मिळाले की तो घणसोली गावात बघून ठेवलेली खोली घेणार होता आणि आईला आणणार होता. वडील गेल्यापासून आई गावात एकटी होती. डबा खाताना हे त्याने मला इतक्या वेळा सांगितले होते की खोलीच्या मोरीचा कठडा कोणत्या बाजूला आहे हेही मला माहीत होते. आईला अक्षरओळख नव्हती. पत्र आले की आधी ते तिच्या हातात द्यायचे, मग वाचून दाखवायचे, असे त्याने ठरवले होते. "ती हातात धरून बघणार, उलटंसुलटं करणार, मग म्हणणार, वाच की," तो म्हणे. "माझं मीच वाचायचं. दुसऱ्या कुणाकडनं नको."

सातवी लेव्हल त्याची आवडती होती. शेवटचे दार उघडायला चावी लागते, आणि चावी दुसऱ्या दांडीच्या वर एका फळीवर असते. बहुतेकांना ती जाताना दिसते. मला त्या वेळी एवढेच महत्त्वाचे वाटले होते.

दिवाळीच्या सुट्टीत बर्वे मॅडमनी मला एक जुना हँडसेट घरी न्यायला दिला. त्या आमच्या टीमच्या प्रमुख. यादी बाजूला ठेवून, नव्या नजरेने एकदा खेळून बघ, असे त्या म्हणाल्या होत्या. बाबा ओटीवर पागाचे जाळे शिवत बसले होते. मी शेजारी बसून खेळत होते. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले, मग जवळ सरकले. मुलगा एका झुलत्या दांडीला लटकत होता.

"दांडी टांगलेय कशाला?" त्यांनी विचारले. "दोर तर नाय दिसत."

दोर काढलेला नाही, दाखवायची गरज नसते, असे मी म्हटले.

"बरं. नि हा चालला कुठं?"

"बाहेर. शेवटी दार आहे."

"नि परत कसा येनार?"

"परत येत नाही, बाबा. पुढेच जातो."

"काय ईसरला तर?"

आतून आई म्हणाली, "याला इचार. रोज डबा ईसरून जातो, नि अर्ध्या खाडीतून परत येतो." बाबांनी सुई पुन्हा हातात घेतली. येताना पाणी वेगळे असते, वारा दुसऱ्या अंगाने लागतो, तीच जागा निराळी होते, असे काहीतरी ते म्हणत होते. ते मला सांगत होते की आईला, हे आठवत नाही.

सुट्टीनंतर सोमवारी गेम क्लायंटकडे पाठवायचा होता, म्हणून शुक्रवारी याद्या पूर्ण हव्या होत्या. साडेचार वाजता माझी फक्त चौथी दांडी राहिली होती. तिचा डावीकडचा रकाना भरला होता. उजवीकडून यायचे तर आधी पलीकडे जायचे, तिथली ठिणग्यांची तार चुकवायची आणि मग वळून मागे यायचे. तारेवर दोनातून एकदा मुलगा मरत होता आणि लेव्हल पहिल्यापासून सुरू होत होती. एका फोनला सहा-सात मिनिटे. अकरा फोन. नेरुळची बस सव्वापाचची, तिच्यानंतरची तासाभराने. अंगठा मिटत नव्हता. उजवीकडून कोण येणार आहे, असा विचार मी केला. पेन उचलले आणि अकरा खुणा केल्या. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवून बस पकडली. त्या दिवशी घरी कोळंबीचे कालवण होते. मी व्यवस्थित जेवले.

क्लायंटचा मेल त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी आला. सातव्या लेव्हलवर चावी घ्यायची राहिली तर खेळणारा दारापर्यंत जाऊन मागे फिरतो. मागे फिरताना चौथी दांडी उजवीकडून पकडली, की मुलगा तिथेच लटकून राहतो. पाच नंबर चालत नाही. कोणतेच बटण चालत नाही. फोन बंद करून चालू करावा लागतो. त्यांच्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सापडले होते. त्यांनी गेम परत पाठवला होता.

मॅडमनी आम्हा दोघांना बोलावले. टेबलावर माझा कागद होता. आमच्याकडे एक नियम होता. तपासणीचा कागद दिला, की त्यानंतर लेव्हलच्या फाइलला हात लावायचा नाही. तो मोडलाही जायचा, सगळेच मोडायचे. संगणकावर फाइल शेवटची कधी बदलली ते दिसत होते. त्या शुक्रवारी, पाच वाजून दहा मिनिटे. अवधूतने लगेच कबूल केले. पाचव्या दांडीवरचा दिवा पांढरा होता, तो पिवळा केला, दुसरे काही नाही, असे तो म्हणाला. आधीची प्रत ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. नवी फाइल जुनीवर चढायची. पाच वाजेपर्यंत ती दांडी कशी होती, हे सांगणारा फक्त माझा कागद होता.

मॅडमनी मला विचारले, "उजवीकडून केलंस ना तू? सगळ्या सेटवर?"

मी "हो" म्हटले.

मी नंतर बातमीदारी केली. समोरचा माणूस किती वेळ थांबून उत्तर देतो, हे पाहायची सवय त्या कामात लागते. मी थांबले नव्हते. लगेच उत्तर दिले होते.

अवधूत म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकलं असणार बघा. शोधतो मी."

मंगळवार आणि बुधवार त्याने शोधण्यात घालवले. त्याने मलाच शेजारी बसवून घेतले, कारण लेव्हल मला पाठ होती. मी उजवीकडून जायचे, मुलगा लटकायचा, मी फोन बंद करायचे, तो फाइलमध्ये एखादा आकडा बदलायचा, मी पुन्हा जायचे. दांडीच्या उजव्या टोकाला लागूनच भिंत होती. त्या बाजूने पकडले की मुलाचा पाय भिंतीच्या आत जायचा आणि गेमला तो सुटलेला कळायचाच नाही. हे मंगळवारी दुपारीच सापडले होते. दुरुस्तीला चार मिनिटे लागली. पुढचा दीड दिवस तो दुसरीच गोष्ट शोधत होता. दिव्याचा रंग बदलताना भिंत सरकली कशी?

"दिव्याचा नि भिंतीचा काय संबंध, सांग की," तो म्हणायचा. "मी हात कुठं लावला?" तो दिवा पांढरा करून बघायचा, पिवळा करून बघायचा. भिंत हलत नव्हती. बुधवारी दुपारी त्याने डबा उघडला नाही. माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "तुला उगाच त्रास. तू तर तुझं काम केलंवतंस." मी पुढचा फोन उचलला.

बुधवारी चार वाजता मॅडमनी त्याला आत बोलावले. दहा मिनिटांत तो बाहेर आला. त्याला कायम करणार नव्हते. नियम मोडल्याचे कारण दिले होते. क्लायंटला कोणाचे तरी नाव कळवायचे होते, हे मला नंतर समजले. त्याने ड्रॉवरमधून पाण्याची बाटली आणि चार्जर घेतला. मला म्हणाला, "त्या भिंतीचं कळलं तर सांग हं."

त्या संध्याकाळी भरती होती, म्हणून बाबा घरी होते. मी त्यांना सगळे सांगितले. आई भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. पोराचे लग्न झाले आहे का, हा एक. दुसरा, तू सांगितलेस तर तुझे काम जाईल का. मी पहिल्याला नाही म्हटले, दुसऱ्याला माहीत नाही.

"मंग जा नि सांग," ते म्हणाले. "उद्याच. परवा नको."

आईने माझ्यापुढे ताट ठेवले. "जेव आधी," ती म्हणाली. "उपाशी गेलीस त त्याला काय मिलनार हाय?"

गुरुवारी सकाळी मी मॅडमच्या समोर उभी राहून सांगितले. त्यांनी फायलीतून कागद काढला आणि खिडकीकडे धरला. बाकी सगळ्या ओळींतल्या खुणा वेगवेगळ्या होत्या. काही निळ्या, काही काळ्या, काही पेन्सिलीने, कारण त्या अनेक दिवसांत केलेल्या होत्या. चौथ्या दांडीच्या उजव्या रकान्यातल्या अकरा खुणा एकाच निळ्या पेनाच्या होत्या आणि एकीची शेपटी दुसरीला लागत होती.

"हे मला सोमवारीच दिसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग कागद पुन्हा फायलीत लावला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्याही वर कोणीतरी होते. शेवटी म्हणाल्या, "हेड ऑफिसला गेलंय सगळं. क्लायंटलाही गेलंय. आता मी तुझं नाव कुठे घालू? अवधूतची फाइल बंद झाली."

त्याला परत बोलवा, असे मी म्हटले.

"कशावर बोलवू? नियम त्याने मोडलाच होता ना? जा, दर्शना. टेन्शन घेऊ नकोस. नवीन यादी आलीय."

नवीन यादी मी पूर्ण केली. दोन्ही बाजूंनी. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचे पत्र मिळाले. आईने ते देव्हाऱ्यात ठेवले. बाबांनी ते हातात घेतले नाही. आठ महिन्यांनी मी ती कंपनी सोडली आणि एका दैनिकाच्या वाशीच्या कार्यालयात लागले. तिथे पहिल्या आठवड्यात मला दुरुस्तीची चौकट लिहायला शिकवले. काय छापले होते, काय बरोबर आहे, दिलगिरी. तीन वाक्ये, शेवटच्या पानावर, खाली. चूक जिथे छापली त्या पानावर दुरुस्ती छापत नसत. मी त्याचे कारण विचारले होते. जागा नसते, असे उत्तर मिळाले. पुढे मी स्वतः नव्या मुलांना तेच उत्तर देत आले. मला आता ती नोकरी सोडूनही चार वर्षे झाली. हल्ली मी काही तपासत नाही.

अवधूतचा मोबाइल त्याच आठवड्यात बंद झाला होता. गुरुवारी संध्याकाळी मी कोपरखैरण्याच्या खोलीवर गेले. दार उघडणाऱ्या मुलाने सांगितले की तो सकाळच्या बसने गावी गेला. सामान सगळे नेले. घणसोलीच्या खोलीचे काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते. त्याने गावाचा पत्ता एका पाकिटाच्या मागे लिहून दिला. मी तीन दिवस पत्र लिहीत होते. पहिल्या मसुद्यात अंगठ्याचे दुखणे आणि बसची वेळ होती. ते मी काढून टाकले. अंतिम पत्र दीड पान झाले. भिंत पहिल्यापासून तिथेच होती. तुझ्या दिव्याने काही झाले नाही. उजवीकडून मी एकाही फोनवर तपासले नव्हते. मॅडमना सांगितले आहे. खाली माझे पूर्ण नाव आणि पत्ता. नेरुळच्या पोस्टातून ते अवधूतच्या नावाने रजिस्टर केले, आणि सोबत पोचपावती जोडली.

उत्तर आले नाही. पोचपावती अकराव्या दिवशी आली. पोस्टमनने ती आईकडे दिली, आईने भाकरीच्या टोपलीखाली ठेवली, म्हणून तिला एका कोपऱ्यात पीठ लागलेले आहे. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर गावच्या पोस्टाचा शिक्का आहे. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी शाईचा अंगठा आहे.